राम वाईरकरांचे एक पान पुन्हा काढताना: प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

चित्रकार राम वाईरकर यांनी ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकासाठी काढलेल्या, सुप्पंडी या विनोदी पात्राच्या चित्रकथेतील एका पानाची कुंचला आणि शाई वापरून हुबेहूब नक्कल करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. हे काम केवळ सरावासाठी आहे. त्याची छपाई किंवा विक्री होणार नाही. जुन्या चित्रकथांची पाने हाताने काढून शिकू पाहणाऱ्यांना माझ्या चुका टाळता याव्यात म्हणून या नोंदी ठेवत आहे, आणि वेळ व पैसा कुठे खर्ची पडला तेही त्यात लिहीन.

वाईरकरांचीच निवड का केली, हे एकदा सांगून टाकतो. लहानपणी ‘टिंकल’चे अंक मी अक्षरशः फाटेपर्यंत वाचले, पण कथेच्या नावाखाली बारीक टाइपात छापलेले चित्रकाराचे नाव एकदाही वाचले नाही. ‘अमर चित्र कथा’ म्हटले की १९६७ साली ही मालिका सुरू करणाऱ्या अनंत पै यांचे नाव सर्वांच्या तोंडी येते, आणि ते योग्यच आहे. परंतु सुरुवातीच्या परदेशी परीकथांनंतर अकराव्या क्रमांकावर ‘कृष्ण’ आला आणि भारतीय पुराणकथांची वाट मोकळी झाली, त्या अंकाची चित्रे वाईरकरांची होती. जानेवारी १९८३ मध्ये ‘टिंकल’च्या २७व्या अंकात सुप्पंडी प्रथम आला, त्रिचीच्या एका वाचकाने पाठवलेल्या तमिळ लोककथेतील त्या भोळ्या गड्याला चेहरा आणि चाल दिली तीही वाईरकरांनी. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची आम्हा मराठी मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहणारी मूर्तीही त्यांच्याच हातची. देव, घरगडी आणि फुरसुंगीचा शाळकरी पोर अशी तिन्ही माणसे ज्याच्या हातून इतकी सहज उतरली, त्या चित्रकाराबद्दल आम्हा चित्रकथाप्रेमींच्या गप्पांत मात्र ‘हो, तेही चांगलेच होते’ एवढेच वाक्य येते आणि विषय पुढे सरकतो. हे मला अनेक वर्षे खटकत आले आहे.

मी एका छापखान्यात मजकूर-मांडणीचे काम करतो. उपयोजित कलेचे शिक्षण झाले आहे, पण कुंचला सोडून १८ वर्षे झाली. चिपळूणच्या घरातील माडीवरची खोली, रविवारचा दिवस आणि आठवड्यातल्या दोन-तीन रात्री एवढीच या कामाची सोय आहे.

५ जून

साहित्याची खरेदी झाली. तीन नंबरचा सेबल केसांचा कुंचला १,८५० रुपये, साधे दोन कृत्रिम केसांचे कुंचले १६०, काळी शाई ६०, कार्ट्रिज (चित्रकलेच्या जाड) कागदाचे १० ताव १८०, पोस्टर व्हाइट (चुका झाकायचा पांढरा रंग) ४५. पुण्यातील एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून पाच अंक मागवले, त्यांचे टपालखर्चासह ६९० रुपये झाले. एकूण २,९८५.

अंकांच्या बाबतीत पहिली चूक झाली. विक्रेत्याने पाठवलेली छायाचित्रे फक्त मुखपृष्ठांची होती आणि मी आतील पानांची मागितली नाहीत. पाचपैकी दोन अंकांचे मधले ताव टाचणीपासून सुटून हरवलेले आहेत आणि एकाच्या प्रत्येक पानावर कोणीतरी पेनाने मिशा काढलेल्या आहेत. जुने अंक मागवताना मधले पान, टाचण्यांचा गंज आणि शेवटचे पान यांची छायाचित्रे आधी मागावीत.

उरलेल्या दोन अंकांतून एक पान निवडले. सहा चौकटी, दोनच पात्रे: मालक आणि सुप्पंडी. मालक काम सांगतो, सुप्पंडी ते शब्दशः करतो, आणि शेवटच्या चौकटीत मालक डोके धरतो. वरवर पाहता यात काढण्यासारखे फारसे काही नाही, आणि म्हणूनच हे पान घेतले.

९ जून

पूर्ण दिवस स्कॅनिंगमध्ये गेला. छापील पान ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केले तेव्हा चेहऱ्यांवर चौकड्यांची जाळी उमटली. चार रंगांच्या छपाईतील बारीक ठिपके आणि स्कॅनरचे मोजमाप एकमेकांत अडकले की ही जाळी तयार होते. कार्यालयात रोज छपाईचेच काम करत असूनही हे मला आधी सुचले नाही. तोडगा असा निघाला: १,२०० डीपीआयवर स्कॅन करायचे, चित्र अगदी किंचित धूसर करायचे आणि मग ६०० वर आणायचे.

दुसरी अडचण रंगाखालची काळी रेषा वेगळी करण्याची होती. नुसते कृष्णधवल केले की भिंतीचा निळा रंग आणि रेषा दोन्ही सारखेच काळे दिसू लागतात. अखेर स्कॅनच्या लाल, हिरवी आणि निळी अशा तिन्ही रंगवाहिन्या संगणकावर वेगवेगळ्या थरांत ठेवल्या आणि प्रत्येक ठिकाणी तिघींपैकी सर्वांत फिकट असेल तेवढेच दिसू दिले. काळी शाई तिन्ही वाहिन्यांत गडदच असते, त्यामुळे ती राहते आणि बाकीचे रंग बहुतांशी विरघळतात. हे साधल्यावर प्रथमच वाईरकरांची रेषा रंगावाचून पाहायला मिळाली. छपाईत रंग रेषेपासून केसभर सरकलेला होता, त्यामुळे सुप्पंडीची हनुवटी मला इतकी वर्षे ढिसाळ वाटत आली होती. रंग बाजूला होताच दिसले की मूळ रेषेत ढिसाळपणा कुठेही नाही. हे पाहून फार वाईट वाटले, कारण कोणाच्या तरी रंगजुळणीचा दोष मी चित्रकाराच्या नावावर लिहीत आलो होतो.

१६ जून

आज गिरवायला सुरुवात करायची नाही असे ठरवले होते. त्याऐवजी एक परीक्षा घेतली. सुट्टीसाठी आलेल्या दहा वर्षांच्या भाचीला त्या पानावरचे फक्त संवाद वहीत उतरवून द्यायला सांगितले. पान मी दोन आठवडे पाहिले असले तरी चौकटींची रचना मुद्दाम लक्षात ठेवलेली नव्हती. त्या संवादांवरून सहा चौकटी माझ्या मनाने मांडल्या आणि मग मूळ पानाशेजारी ठेवल्या. ही पायरी कोणीही वगळू नये. माझे तीन तास यात गेले, पण आतापर्यंत जेवढे शिकलो त्याचा निम्मा भाग या तीन तासांत आहे.

माझ्या मांडणीत पहिल्या चौकटीत मालकाचा चेहरा जवळून होता, दुसरीत वरून पाहिलेली खोली होती, तिसरीत सुप्पंडीची पाठ होती. म्हणजे प्रत्येक चौकटीत मी काहीतरी करून दाखवत होतो. वाईरकरांच्या सहापैकी चार चौकटींत दोन्ही पात्रे डोक्यापासून पायापर्यंत उभी आहेत, नजरेची उंची तीच आहे, आणि मागे दाराची चौकट व एखादे भांडे याखेरीज काही नाही. पहिल्या नजरेत ते मला आळशी वाटले. मग दोन्ही कागद भाचीपुढे ठेवले आणि तिला मोठ्याने वाचायला सांगितले. मूळ पान ती न थांबता वाचून गेली आणि शेवटी हसली. माझ्या तिसऱ्या चौकटीवर ती थबकली आणि म्हणाली, “मामा, हा पाठमोरा कोण? हा दुसरा माणूस आहे का?”

सुप्पंडीच्या कथेतला विनोद असा असतो की एक वाक्य बोलले जाते, ऐकणारा ते चुकीच्या ठिकाणी खरे मानतो, आणि वाचकाला दोघांचीही समजूत एकाच वेळी दिसते. त्यासाठी दोघेही सतत डोळ्यांसमोर असावे लागतात. मी कोन बदलला की वाचकाचे लक्ष कोनाकडे जाते आणि विनोद मागे राहतो. वाईरकरांनी इथे कोन बदलला नाही, कारण तसे करण्याचे कारण कथेत नव्हते. हा संयम चित्रात दिसत नाही, आणि म्हणूनच त्याची दाद देण्याचे कोणाच्या मनात येत नसावे.

आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक चौकटीत जो आधी बोलतो तो डावीकडे आहे, आणि त्यासाठी पात्रांच्या जागा बदलल्या आहेत; पण ती अदलाबदल दाराजवळच्या हालचालीतून इतकी सहज झाली आहे की ती मला मोजपट्टी घेऊन बसल्यावर कळली. माझ्या मांडणीत दोन ठिकाणी संवादाच्या फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदत होत्या.

२३ जून

पेन्सिलीचे काम. छापील चित्राचे माप १५.५ गुणिले २१ सेंटीमीटर आहे. ते दीडपट करून २३.२ गुणिले ३१.५ केले, म्हणजे ए-३ कागदावर सभोवती पुरेशी जागा राहते. प्रकाशपेटीवर छापील प्रत ठेवून वरच्या कागदावर गिरवत होतो, तोच वीज गेली. ती तीन तासांनी आली. तोवर खिडकीच्या काचेवर कागद चिकटवून काम चालू ठेवले, पण पावसाळी ढगांमुळे उजेड अपुरा होता आणि त्या घाईत गिरवलेल्या दोन चौकटी नंतर खोडाव्या लागल्या.

खोडताना एक गोष्ट कळली. गिरवलेले चित्र बाह्यरेषेत बरोबर असूनही निर्जीव दिसत होते. मी रेषा तुकड्यातुकड्यांनी नेत होतो आणि शरीराचा तोल कुठे आहे याचा विचारच करत नव्हतो. म्हणून गिरवणे थांबवले, मूळ चित्र समोर भिंतीवर लावले आणि आधी पाठीचा कणा, मग खांदे, मग पाय अशा क्रमाने डोळ्यांनी पाहून काढले. हे दुप्पट वेळ घेते आणि मापात थोडा फरक पडतो. तो पडू दिला.

या वेळी सुप्पंडीची उभे राहण्याची ढब हाताला समजली. तो ऐकताना गुडघे किंचित सैल सोडतो, मान पुढे काढतो आणि हात शरीरापासून जरासे दूर ठेवतो, जणू सांगितलेले काम उचलायला आधीच निघाला आहे. त्याच्या मूर्खपणाला आळसाची छटा कुठेही नाही. तो कामाला उत्सुक आहे, आणि तेच मालकाचे दुर्दैव आहे. हे सारे संवादात लिहिलेले नसून त्या दोन गुडघ्यांत आणि मानेत आहे.

३० जून

शाईकामाचा पहिला दिवस पूर्ण वाया गेला. चार दिवस पाऊस थांबलेला नाही. कार्ट्रिज कागदाने हवेतली ओल इतकी धरली आहे की शाई टेकवताच रेषेच्या दोन्ही बाजूंना केसाळ फाटे फुटतात. पहिला ताव फेकला. दुसऱ्या तावावर शाई कमी घेऊन पाहिले, तर रेषा मध्येच तुटू लागली. तोही फेकला. एकूण पाच तास आणि आठवडाभराचे पेन्सिलकाम गेले, कारण मी पेन्सिलीच्या चित्राची वेगळी प्रत काढून ठेवली नव्हती. शाईला हात लावण्यापूर्वी पेन्सिलीचे चित्र स्कॅन करून ठेवावे, म्हणजे ते फिकट निळ्या रंगात नव्या कागदावर छापून पुन्हा सुरुवात करता येते. हे मला आज कळले, आणि उशिरा कळले.

७ जुलै

ब्रिस्टल कागदाचा गठ्ठा मागवला, ७२० रुपये. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत व घट्ट असतो, ओल कमी धरतो. कागद आता पत्र्याच्या ट्रंकेत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पुड्यांचे १५० रुपये झाले. काम सुरू करण्यापूर्वी अर्धा तास टेबलावरचा पिवळा दिवा कागदावर जवळून धरतो. कोकणात पावसाळ्यात शाईकाम करणाऱ्याने एवढे केल्याशिवाय बसू नये. पेन्सिलीचे चित्र तिसऱ्यांदा काढले, या वेळी नऊ तासांत. सरावाने हात सुटला आहे. ते स्कॅन करून, फिकट निळ्या रंगात दोन ब्रिस्टल तावांवर छापून घेतले. छपाईचे ११० रुपये.

१४ जुलै

आज खऱ्या अर्थाने कुंचला चालला. सुप्पंडीच्या डोक्यापासून सुरुवात केली. वर निमुळते होत गेलेले डोके आणि त्याच्या टोकावर ताठ उभे राहिलेले केस: लहान मुलेही वहीच्या मागच्या पानावर हे काढतात आणि तो लगेच ओळखू येतो. मलाही ते सोपे वाटले होते. प्रत्यक्षात तो केसांचा झुबका मला २३ वेळा वेगळ्या कागदावर काढावा लागला.

अडचण अशी की मी केस टोकाकडून मुळाकडे ओढत होतो. त्यामुळे टोके बोथट आणि मुळे बारीक होत होती, आणि झुबका डोक्यात खुपसलेल्या काड्यांसारखा दिसत होता. भिंगाखाली मूळ पाहिले तेव्हा प्रत्येक केस मुळाशी जाड आणि टोकाला तीक्ष्ण असल्याचे आढळले, म्हणजे हात मुळाकडून बाहेर झटकला गेला होता. तसे करायचे तर रेषेच्या शेवटी हात थांबवून चालत नाही; कुंचला कागदावरून उडवावा लागतो आणि तो कुठे उतरेल यावर विश्वास ठेवावा लागतो. शिवाय सगळे केस समांतर नाहीत. मधले सरळ, कडेचे किंचित बाहेर झुकलेले, आणि एखादा आखूड. पाच-सहा फटकाऱ्यांचे काम, पण त्यातला एकही फटकारा दुरुस्त करता येत नाही.

मग विचार आला की हा माणूस हे एकाच दिवशी, एकाच कथेत, प्रत्येक चौकटीत करत होता, आणि पुढच्या अंकासाठी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या अंकासाठी पुन्हा, वर्षानुवर्षे. माझ्याकडच्या वेगवेगळ्या अंकांतील सुप्पंडीची १९ डोकी मी विभाजकाने (दोन टोकदार पायांच्या कंपासने) मोजली. चेहऱ्याच्या लांबीशी झुबक्याच्या उंचीचे प्रमाण क्वचितच हलते, पण झुबका कुठेही छापा मारल्यासारखा एकसारखा नाही. ‘भरवशाचा’ हा शब्द आपण दुय्यम कौतुक म्हणून वापरतो. आज तो शब्द माझ्यासाठी फार वजनदार झाला आहे.

मालकाचे हात दुपारी केले. बोटे नीट आली नाहीत, ती पुढच्या आठवड्यात.

२१ जुलै

बोटे तशीच राहिली. आज मुद्दाम वाट बदलली. बोटांची रीत समजावी म्हणून ‘कृष्ण’ अंकाची नंतरची आवृत्ती काढून बसलो. तिथे विनोदी अतिशयोक्तीला जागा नाही. कृष्णाची, यशोदेची, गोपांची बोटे शिल्पातल्यासारखी लांब आणि शांत आहेत. आणि तरीही हात तोच आहे हे तासाभराने पटले. कोणत्याही मुठीत वाईरकर चारही बोटे वेगळी दाखवत नाहीत. तर्जनी आणि करंगळी स्पष्ट, मधली दोन एकत्र. सुप्पंडीच्या मालकाचा उगारलेला हात आणि ‘कृष्ण’मधला एखादा हात यांच्या मुळाशी हीच एक रीत मला दिसली. मी चारही बोटे प्रामाणिकपणे काढत होतो, त्यामुळे हाताचा फणा होत होता.

कालियाच्या प्रसंगाचीही थोडी नक्कल केली. नागाचे वेटोळे, पाण्याच्या लाटा, दागिने आणि मधोमध एक लहान मुलगा, एवढ्या गर्दीत नजर आधी मुलावरच जाते. कारण शोधले तेव्हा आढळले की कृष्णाच्या शरीराची बाह्यरेषा अखंड आणि जाड आहे, आणि अंगाच्या आत जवळपास रेषा नाहीत. सारे बारकावे भोवतालच्या वस्तूंना दिले आहेत. नायकाला सजवून उठाव द्यावा असे मला शिकवले गेले होते. इथे त्याला मोकळे ठेवून उठाव दिला आहे.

अडीच तास गेले, पण परत आल्यावर मालकाचे दोन्ही हात पहिल्या प्रयत्नात जमले.

२८ जुलै

दुसरा ब्रिस्टल ताव चालू आहे. पहिल्यावर चौथ्या चौकटीत कुंचल्यातून थेंब पडला. तो मी बोटाने पुसला, जे कधीही करू नये. टिपकागदाने टिपून वाळू द्यावे आणि मग वरून पांढरा रंग लावावा. इथे दुसरा अपघात झाला. पांढरा रंग लावताच खालची काळी शाई विरघळून राखाडी झाली. बाटलीवर ‘जलरोधक’ असे लिहिलेले असूनही ती तशी नव्हती. नवी शाई ९५ रुपयांना आणली, आणि या वेळी आधी कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढून, एक रात्र वाळवून, ओल्या बोटाने घासून पाहिली. ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

संध्याकाळी फास्टर फेणेच्या एका जुन्या पुस्तकातली चित्रे विसाव्यासाठी चाळली. तो किडकिडीत पोर पळत असो वा नुसता उभा असो, त्याचे वजन नेहमी पुढच्या पायाच्या चवड्यावर असते. भागवतांच्या वाक्यांतली घाई या एका चवड्यात उतरली आहे. सुप्पंडीच्या सैल गुडघ्यांशेजारी हा चवडा ठेवून पाहिला. दोघेही बारीक अंगाचे, दोघांनाही लांब मान, पण पूर्ण काळी छाया काढली तरी कोणता कोण हे ओळखू येईल.

एक तुलना मनात आली ती नोंदवतो. ‘टिंकल’मध्येच वसंत हळबे यांनी शिकारी शंभूचे डोळे टोपीखाली झाकले आणि त्यातून एक सुंदर युक्ती साधली; भित्रेपणा चेहऱ्याऐवजी पळणाऱ्या पायांत गेला. सुप्पंडीला असा आडोसा नाही. त्याचा चेहरा उघडा आहे आणि त्यावर प्रत्येक वेळी निखळ विश्वास दिसला पाहिजे. भुवई जराशी तिरपी झाली की तो लबाड दिसतो आणि कथा संपते. माझ्या पाचव्या चौकटीत नेमके हेच झाले आहे. भुवई अर्धा मिलिमीटर खाली आली आणि सुप्पंडी मालकाची मुद्दाम खोडी काढतो आहे असे दिसू लागले. पांढऱ्या रंगाने झाकून पुन्हा काढली.

४ ऑगस्ट

अक्षरलेखन. मूळ पान इंग्रजी होते. मी संवाद मराठीत हाताने लिहायचे ठरवले, आणि इथे वाईरकरांचा आणखी एक गुण कळला. या चित्रकथा अनेक भारतीय भाषांत निघत, आणि मजकुराची लांबी भाषेगणिक बदलते. देवनागरीला तर ओळीच्या वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागते. तरीही सहापैकी पाच फुग्यांत माझा मराठी मजकूर नीट बसला, कारण फुग्यांभोवती मोकळी भिंत किंवा आकाश सोडलेले आहे आणि फुगा वाढवला तरी कोणाचे डोके झाकले जात नाही. ज्या रिकाम्या पार्श्वभूमीला मी १६ जूनला आळशीपणा म्हटले होते, ती जागा शब्दांसाठी राखलेली होती.

सहाव्या फुग्यात मात्र माझेच वाक्य लांब होते. “तुला मी काय सांगितले होते आणि तू हे काय करून ठेवलेस?” याचे “अरे, हे काय केलेस?” केले. ते मराठीत अधिक खरेही वाटते.

अक्षरे आधी लिहावीत, फुग्याची रेषा नंतर काढावी. मी पहिल्या दोन फुग्यांत उलटे केले आणि अक्षरे कडेला दाटली.

११ ऑगस्ट

रंग न भरण्याचा निर्णय घेतला. एका छायाप्रतीवर जलरंग लावून पाहिले आणि रेषेचे सारे बारकावे त्याखाली दबले. ज्यासाठी दोन महिने घालवले तेच झाकण्यात अर्थ नव्हता. या निर्णयापर्यंत येण्यात चार तास गेले.

१८ ऑगस्ट

पान पूर्ण झाले. भाचीला तिच्या गावी छायाचित्र पाठवले आणि फोनवर वाचायला सांगितले. ती कुठेही अडखळली नाही. शेवटच्या चौकटीवर हसली, पण मूळ पानावर हसली होती तेवढी नाही. कारण मला ठाऊक आहे: मालकाने डोके धरले आहे ते माझ्या चित्रात दुखते आहे असे वाटते, वाईरकरांच्या चित्रात ते फिरले आहे असे वाटते. फरक कोपरांच्या उंचीत आहे. त्यांची कोपरे खांद्यांच्या वर गेली आहेत, माझी खाली राहिली. मापात फरक पडू दिला त्याचा हा परिणाम आहे. दुरुस्ती करायची तर पूर्ण चौकट नव्याने काढावी लागेल.

हिशेब असा: एकूण खर्च ४,०६० रुपये, एकूण वेळ ७१ तास, त्यापैकी अंदाजे २४ तास वाया. दोन कार्ट्रिज ताव आणि एक ब्रिस्टल ताव फुकट गेला. महाग कुंचला टिकला आणि त्याचे पैसे वसूल झाले. कृत्रिम केसांचे दोन्ही कुंचले दुसऱ्याच आठवड्यात फुटले, ते आता पोस्टर व्हाइटसाठी वापरतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ब्रिस्टल कागद, एक चांगला कुंचला आणि तपासलेली शाई एवढे ३,००० रुपयांच्या आत जमेल.

२५ ऑगस्ट

शेवटची चौकट वेगळ्या तुकड्यावर पुन्हा काढली आणि मूळ जागी चिकटवली. कोपरे आता वर आहेत. जोड दिसतो, तो दिसू दिला.

वाईरकर २००३ मध्ये गेले. त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी पुढे सुप्पंडी काढला. त्यांनी काढलेली पाने माझ्याकडे तीन आहेत. नवे काम त्यातल्या एकापासून सुरू करणार आहे, तीच परीक्षा घेऊन: आधी फक्त संवाद, मग माझी मांडणी, मग मूळ. झुबक्याचे केस मुळाकडून झटकले आहेत का, हे भिंगाखाली आधी पाहीन.

पूर्ण झालेल्या पानाच्या मागे तारीख, कागद आणि शाई यांची नोंद केली, म्हणजे पुढे कोणाच्या हाती ते गेले तर मूळ समजून फसगत होऊ नये. पुढच्या बाजूस, कथेच्या नावाखाली, जिथे बारीक टाइप असे तिथे, दोन सेंटीमीटर उंचीच्या अक्षरांत कुंचल्याने लिहिले: ‘मूळ चित्रे: राम वाईरकर’. ‘ई’वरचा रफार थोडा जाड झाला आहे. शाई वाळायला रात्रभर दिव्याखाली ठेवले आहे.